रुमाल टाकून

वडगावात आमच्या घरी कॉफी म्हणजे
ताप आल्यावर, जायफळ किसून.
एरवी चहाच.
म्हणून एप्रिलात मी
दोन-दोन रुपयांच्या पुड्यांची अख्खी माळ
तुंगव्वाच्या दुकानातून गळ्यात घालून आणली
तेव्हा आईनं आधी माझ्या कपाळाला हात लावला.

वहीच्या मागच्या पानावर कॅफिन काढते:
आठ कार्बन, दहा हायड्रोजन,
चार नायट्रोजन, दोन ऑक्सिजन.
एक षटकोन, त्याला खेटून पंचकोन,
आणि तीन मिथिल, डुलांसारखे लोंबणारे.
एवढीशी वस्तू.
सर म्हणाले, ती झोप घालवत नाही,
झोपेच्या जागेवर बसते फक्त.

मला लगेच कळलं.
स्टँडवर खानापूरची गाडी लागते,
पुरती थांबायच्या आत
खिडकीतून रुमाल पडतात.
गाडी रिकामी, जागा भरलेल्या.
तशी ही बया.
झोप चढते, जागा बघते,
दांडी धरून उभी राहते,
पायात पिशवी, काखेत पोर.
उतरत नाही.
तिकीट काढलंय तिनं.

रात्री दीडला आमच्याकडे दोन माग चालतात.
एक बाबांचा, पत्र्याच्या शेडात,
लगीनसराईच्या चौदा साड्या, आंब्याचा रंग.
एक माझ्या बरगड्यांत.
तिसऱ्या कपानंतर दोघांचा ठेका जुळतो,
खट-खटाक, खट-खटाक,
धोटा या काठावरून त्या काठाला,
मी या पानावरून त्या पानाला
आणि परत.
बाबांची साडी वीतभर वाढते.
माझं पान तेच.

मग वीज जाते.
त्यांचा थांबतो. माझा नाही.
मोबाइलचा उजेड बघून
तुंगव्वा समोरच्या खिडकीतून ओरडते,
"साकु तंगी, मलको!"
दिवसा पुड्या विकणारी तीच,
रात्री पुरे म्हणणारी तीच.
मी मराठीत सांगते, एकच युनिट राहिलंय.
ती कन्नडमध्ये हसते.

बाबा आत येतात, दंडाला सुताचे धागे.
"काय पितीस गे एवढं?"
कप हुंगतात. "जळकं लागतंय की."
तरी म्हणतात, "बाय-टू कर."
मग उंबऱ्यावर दोघं, दोन पेले,
डास, आणि काही न बोलणं.
विचारावंसं वाटतं,
बावीस वर्षं तुम्ही कशावर जागलात?
"साखर जास्त झाली काय?" एवढंच विचारते.
वीज येते, ते पेला ठेवून पळतात.
राहिलेली मीच पिते.

पेपरात कॅफिन आलं नाही.
पहाटे चारला घोकलेली रिअॅक्शन आली.
नाव आठवलं,
बाण कुठून कुठे, ते नाही.
हात असा कापत होता
की बेंझिनला सातवी बाजू फुटली.
खोडलं. परत सातच.

शेवटचा पेपर देऊन भर उन्हात घरी आले,
चप्पल एक दारात, एक कुठे माहीत नाही.
सगळे रुमाल एकदम उचलले गेले
आणि महिनाभर उभ्या असलेल्या झोपा
एकमेकींना रेटत, पिशव्यांसकट,
पोरांसकट बसल्या.

मागावर वाढलेली पोरं आवाजानं उठत नाहीत.
आवाज थांबला की उठतात.
सातला थांबला.
चौदावी साडी उतरली होती.
आईनं कपाळाला हात लावला.
गॅसवर काहीतरी उकळत होतं, जायफळाचा वास.
"कॉफी नको मला," मी म्हटलं.

"तुला कोण देतंय," आई म्हणाली.
"यांना पाहिजे. रातच्याला नवा ताणा लावायचाय.
पुड्या संपल्यात. उठ,
दुकान बंद करायच्या आत
तुंगव्वाकडं जाऊन ये."